राजीनामा थांबवा, मग करार वाचू

प्रश्न : मुलगी 12 वर्षांची, सातवीत आहे. एका मालिकेसाठी तिची निवड झाली असून करार तीन वर्षांचा आहे. मी नोकरी सोडून तिला मुंबईला नेणार आहे. तिच्या मानधनातून घराचे हप्तेही सुटतील. पुढे 17 नंबरच्या फॉर्मवर (शाळेत न जाता, बाहेरून) दहावी करता येईल ना?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : दहावी 17 नंबरवर होते. मला घोर लागलाय तो हप्त्यांच्या वाक्याचा. दादा, कर्ज तुम्ही काढलंय. सहा महिन्यांनी ती म्हणाली, ‘बाबा, मला नाही करायचं हे,’ तर? घर आपल्या पैशावर चालतं हे ज्या मुलाला कळलेलं असतं, ते असं म्हणतच नाही. अंगात कणकण असली तरी मेकअपला जाऊन बसतं. तुमच्या एवढ्या पत्रात तिला काय हवंय, याबद्दल अक्षर नाही. मला ते फार खटकलं.

शिवाय तीन वर्षांचा करार म्हणजे तीन वर्षांची कमाई, हा हिशेबच चुकीचा आहे. अशा करारात बहुतेकदा कलाकार बांधला जातो, वाहिनी नाही. मानधन ‘पर डे’ मिळतं. टीआरपी घसरला किंवा ट्रॅक (कथेतला तिचा भाग) संपला की शूटिंगचे दिवस मिळत नाहीत, पण ‘दुसरीकडे काम करायचं नाही’ हे कलम तसंच राहतं. केलेल्या कामाचे पैसेही साधारण 90 दिवसांनी हातात येतात. तोवर मुंबईत भाडं कशातून भरणार?

चौदा वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी केंद्राचे 2017 चे नियम आहेत. दिवसाला 5 तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय 3 तासांहून जास्त नाही, सलग 27 दिवसांपलीकडे नाही. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. कमाईतले किमान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावे मुदत ठेवीत. मी तर म्हणेन, खर्च वजा जाता सगळेच तिथे जाऊ द्या.

‘करार संपल्यावरही नवी ऑफर आधी आम्हाला दाखवायची’ असं कलम आहे का बघा. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याच्याविरुद्ध त्याच्या जुन्या एजन्सीने अशाच कलमाचा आधार घेतला होता. करार संपल्यानंतर असं बंधन टिकत नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये एजन्सीला मनाईहुकूम नाकारला. तुम्ही कोर्टाची वेळ येऊ देऊ नका, वकिलाला दाखवून ते सहीआधीच काढून घ्या.

आणि राजीनामा नको. पहिल्या शेड्यूलपुरती रजा टाका. त्याआधी तिला विचारा, आणि ‘नाही’ म्हणाली तर निर्मात्याला फोन तुम्ही करा.