जुन्या फायबरच्या होडीचं वायरिंग गाडीच्या वायरमनकडून करून घ्यावं का?

तुमची होडी १८ फुटी, फायबरची, भिगवणच्या काठाला बांधलेली. तुम्ही राहता पुण्यात. पाणी उपसायचा पंप मनात येईल तेव्हा चालतो, आणि घराजवळचा ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतोय, "दोन तासांत नवं वायरिंग करून देतो." मी त्याच्याच जातकुळीतला. नाना पेठेत रिक्षा-टेम्पोच्या वायरिंगमध्ये माझी वीस वर्षं गेली. तो खोटं बोलत नाहीये. दोन तासांत तो सगळं जोडेल, दिवाही लागेल. खरी पंचाईत त्या लागलेल्या दिव्याचीच आहे.

माझे मामा उजनीच्या पाण्यावर चिलापी, कटला धरतात. त्यांच्या होडीचं पहिलं वायरिंग मी केलं ते रिक्षासारखं. रिक्षात प्रत्येक दिव्याला एकच वायर नेतो, परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. बॉडी अर्थ. होडीला पत्रा कुठला? पण आतल्या बाजूने बाकं धरायला ॲल्युमिनियमचा अँगल होता. मी पंपाची आणि पुढच्या दिव्याची निगेटिव्ह त्यावर बोल्टने आवळली आणि अँगलवरून बॅटरीला एक वायर आणली. वायर वाचली म्हणून स्वतःवर खूशही झालो.

ऑगस्टमधल्या एका रात्री पाऊस लागला. काठावरून होडी दिसावी म्हणून मामांनी पुढचा दिवा चालूच ठेवला होता. सकाळी पाहतो तर होडी काठोकाठ भरून बसलेली, पंप गप्प, आणि दिवा पाण्याखाली जळतोय. मामा म्हणाले, "भाच्या, तुझी लाइट लई भारी. माशांची सोय झाली बघ." इंजिन आदल्या दिवशीच काढून घरी नेलं होतं, एवढंच नशीब.

बोल्ट उघडला तेव्हा ॲल्युमिनियम आणि तांबं जिथे टेकत होतं तिथे पांढरी भुकटी. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून ठेवले की हेच होतं. समजा, त्या सांध्यात २ ओहमचा अडथळा आला. एलईडी दिवा ०.१५ अँपिअर ओढतो, म्हणजे त्याचे ०.३ व्होल्ट गेले. त्याला पत्ताही लागत नाही. पंपाला २.५ अँपिअर लागतात, त्याचे ५ व्होल्ट वाटेतच खल्लास. बॅटरीच्या १२ पैकी उरलेल्या ७ व्होल्टमध्ये तो नुसता गुरगुरतो. म्हणून दिवा लागला की वायरिंग चांगलं, हे होडीत धरू नका.

तुमच्या पंपाचं दुखणंही मला तसलंच वाटतं. नवीन काही घ्यायच्या आधी मल्टिमीटर घेऊन हे करा. पंप चालू ठेवा. चालू, हं, बंद पंपावर मोजलं तर एका तंतूवर टिकलेली वायरसुद्धा १२ व्होल्ट दाखवते. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं पंपाच्या निगेटिव्हवर. शून्याच्या आसपास आलं तर ती बाजू ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर एकेक सांधा पुढे सरकत मोजत जा. आकडा जिथे उडी मारेल तिथे चोर आहे. मग हेच पॉझिटिव्ह बाजूने.

नवं वायरिंग करताना प्रत्येक वस्तूला जायची एक आणि यायची एक, अशा दोन वायरी. सगळ्या निगेटिव्ह बॅटरीजवळ एका पितळी पट्टीवर. वायर घरातली एकतारी नको, इंजिनाच्या थरथरीने ती आतल्या आत तुटते. बारीक तारांची हवी आणि तीही कल्हई केलेली. आजी तांब्याच्या पातेल्यांना करून घ्यायची तीच कल्हई. नसली तर तार आतून काळी पडत जाते. तपकीर गल्लीत मी "बोटीची वायर" मागितली तर दुकानदाराने वरपासून खालपर्यंत पाहिलं. पुणं ते, चूक माझीच. मग कळलं की छतावरच्या सोलर पॅनेलची डीसी केबल कल्हईचीच असते, बारीक तारांची, उन्हाला टिकणारी, आणि लाल-काळ्या रंगात मिळते. ४ चौरस मिलिमीटरची घ्या. ६ मीटर पुढे, ६ मीटर मागे धरले तरी ३ अँपिअरला जेमतेम ०.२ व्होल्ट जातात.

थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, चांगल्या क्रिंपिंग पक्कडीने दाबा, वर आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवा. आम्ही गाडीवाले सोल्डर मारायला जातो, पण सोल्डर जिथे संपतं तिथेच वायर कडक होऊन पुढे मोडते. प्रत्येक पॉझिटिव्हला फ्यूज, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, तेव्हा "मोठाच टाकू, उडायला नको" हा शहाणपणा नको. पंप मात्र मेन स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजवर, तरंगत्या स्विचसकट (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा) थेट बॅटरीला. घरी जाताना मेन बंद केला तरी तो जागा राहिला पाहिजे. ३५ एएचच्या (अँपिअर-तासाच्या) बॅटरीवर असा पंप सलग सात-आठ तास चालला की निम्मी बॅटरी गेली. त्यामुळे पावसाळ्यात होडीवर ताडपत्री हवीच.

बॅटरी पट्ट्याने बांधा आणि पेट्रोलच्या टाकीपासून लांब ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. ठिणगीही तिथेच पडते.

होडी उघडलीच आहे तर इंजिन टांगतो ती मागची फळी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. टणक वाजली तर ठीक, बद्द वाजली तर आतलं प्लाय कुजलंय आणि वायरिंगचे पैसे तूर्त तिकडे वळवा. गिअरचं तेल दुधाळ दिसलं तर सील गेलंय. आणि इंजिनाच्या खालच्या भागाला लावलेला, इंजिनाऐवजी स्वतः झिजायचा तुकडा बहुधा जस्ताचा असेल. तो समुद्राचा. धरणाच्या गोड्या पाण्यात जस्तावर थर धरतो आणि तो झिजेनासा होतो, मग झिजतं इंजिन. इथे मॅग्नेशियमचा लावा, त्याला रंग फासू नका. होडी कधी मुरूडला वगैरे नेणार असाल तर तेव्हा तो बदलावा लागेल, खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम भराभर संपतो.

तर वायरमनला घ्या, हरकत नाही. फक्त त्याला होडीपाशी न्या आणि काम सुरू करण्याआधी विचारा, "निगेटिव्ह कुठून आणणार?" तो अँगलकडे किंवा इंजिनाकडे बोट दाखवायला लागला, तर चहा पाजून परत आणा. काम झाल्यावर त्याच्यासमोर तळात चार बादल्या पाणी ओता, मेन स्विच बंद करा, आणि पंप आपणहून सुरू झाल्यावरच पैसे द्या.