गाडीचे प्रश्न, गाडीची उत्तरं : फोक्सवॅगन म्हणजे नक्की कोण?

मागच्या महिन्यात फोक्सवॅगनच्या टायगुन या गाडीबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आली की यावेळी सगळं पान त्याच कंपनीला दिलंय. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, चार निवडलीत.

प्रश्न : मुलगा पुण्यात आयटीत आहे, टायगुन घ्यायची म्हणतोय. माझे मेहुणे म्हणतात की ही हिटलरनं काढलेली कंपनी, वर परत प्रदूषणात फसवणूक करताना पकडली गेलेली, असल्यांच्या हातात बारा-चौदा लाख द्यायचे का? मला यातलं काही कळत नाही. – एक निवृत्त शिक्षक, तासगाव

गुरुजी, मेहुण्यांचं दोन्ही बाबतीत खरं आहे, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

1934 साली फर्डिनांड पोर्श या इंजिनिअरला काम मिळालं की साध्या माणसाला परवडेल अशी गाडी बनव, आणि हिटलरची अट होती की किंमत 1000 मार्कच्या (मार्क म्हणजे तेव्हाचं जर्मन चलन) आत पाहिजे. एवढ्या किमतीत ती बनणार नाही हे बाकीच्या गाडीवाल्यांना कळत होतं. मग सरकारनं ती नाझींच्याच कामगार आघाडीच्या गळ्यात घातली, आणि या आघाडीकडं पैसा कुठनं आला तर जुन्या कामगार संघटना मोडून त्यांची जी मालमत्ता जप्त केली होती त्यातनं. 1937 ला कंपनी स्थापन झाली, 26 मे 1938 ला कारखान्याची पायाभरणी झाली, आजूबाजूला नवं गाव वसवलं. आपल्याकडं 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळावर किर्लोस्करवाडी उभी केली, कारखाना आणि त्याच्याभोवती वस्ती, तशीच ही रचना, पण मागचा हेतू मात्र अगदी वेगळा.

आता यातली मला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट. गाडीची किंमत 990 मार्क ठरली, आणि लोकांनी काय करायचं तर दर आठवड्याला 5 मार्कचं तिकीट विकत घेऊन कार्डावर चिकटवायचं, कार्ड भरलं की गाडी. म्हणजे जवळजवळ चार वर्षं पैसे भरत राहायचं, त्यावर व्याज एक पैसा नाही. सुमारे 3 लाख 36 हजार लोकांनी पैसे भरले, त्यात कारकून होते, मास्तर होते, कामगार होते, आणि या योजनेतनं गाडी किती जणांना मिळाली? एकालाही नाही. युद्ध सुरू झालं, कारखान्यात लष्करी गाड्या बनायला लागल्या आणि बर्लिनच्या बँकेत पडून असलेला पैसा शेवटी रशियनांच्या हातात गेला. सांगली जिल्ह्यात हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. माझ्या वडिलांची रिटायरमेंटची ठेव एका पतसंस्थेत अडकली होती, पावती शेवटपर्यंत कपाटात जपून ठेवली होती त्यांनी, अधनंमधनं काढून बघायचे आणि परत घडी करून ठेवायचे. त्यामुळं ती तिकिटं चिकटवलेली कार्डं हातात धरून 1945 साली बसलेली माणसं माझ्या डोळ्यासमोर लगेच येतात. त्यातले काही जण कोर्टात गेले, खटला वर्षानुवर्षं चालला आणि 1961 ला तडजोड झाली, नवीन गाडीवर 600 मार्कपर्यंत सूट नाहीतर रोख 100 मार्क.

पण आज जे नाव आहे ना, ते हिटलरनं कमावलेलं नाही. युद्ध संपलं तेव्हा कारखाना बॉम्बनं फुटलेला, तो ब्रिटिशांच्या ताब्यात आला, आणि ऑगस्ट 1945 मध्ये तिथं आयव्हन हर्स्ट नावाचा एक मेजर आला. यंत्रं मोडून दुसरीकडं न्यायची असाच विचार होता. हर्स्टनं काय केलं तर तिथं उरलेली एक गाडी रंगवून वरच्या साहेबांना दाखवली, सैन्याला वाहनं हवीच होती, 20,000 गाड्यांची ऑर्डर मिळाली. डिसेंबरअखेर 55 गाड्या बनल्या आणि पुढच्या मार्चपर्यंत महिन्याला 1000. छतातनं पाणी गळतंय, कामगारांच्या पोटाला नीट अन्न नाही, तशा अवस्थेत हे केलंय. गावाचं नाव तोवर बदललं होतं, जवळच्या जुन्या वाड्यावरनं वोल्फ्सबुर्ग. हर्स्टनं क्वालिटी तपासणी आणि सर्व्हिसची व्यवस्था घालून दिली, 1948 पासून हाईनरिश नॉर्डहॉफ या माणसानं ती वाढवली. त्याचा नियम असा की आधी सर्व्हिस आणि स्पेअर पार्ट, मग विक्री. गाडी साधीच, इंजिन मागं, हवेनं थंड होणारं, रेडिएटरच नाही म्हणजे थंडीत गोठायला आणि उन्हात उकळायला पाणीच नाही. आपण तिला बीटल म्हणतो. 1955 ला दहा लाखावी बीटल बाहेर पडली, 17 फेब्रुवारी 1972 ला तिनं फोर्डच्या मॉडेल टीचा विक्रम मोडला आणि शेवटची 2003 मध्ये मेक्सिकोत बनली, एकूण 2 कोटी 15 लाखाच्या वर.

1974 ला ही कंपनी मोठ्या तोट्यात गेली होती हे लोक विसरतात. बीटल जुनी झाली होती आणि दुसरं काही तयार नव्हतं. ऑडी विकत घेतली होती म्हणून पुढं इंजिन, पाण्यानं थंड होणारं, पुढच्या चाकांना ताकद, हे ज्ञान घरात आलं आणि त्यातनं गोल्फ ही गाडी निघाली, तिनं कंपनी वाचवली. पोलो त्याच्या पुढच्या वर्षी.

आता तुमच्या चौदा लाखांचं. सुरक्षेच्या बाबतीत मी या गाडीला मनापासून चांगलं म्हणेन. 2022 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या, म्हणजे गाड्या आदळून सुरक्षा तपासणाऱ्या बाहेरच्या संस्थेच्या, नवीन कडक टेस्टमध्ये टायगुनला मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी दोन्हीत पाच स्टार मिळाले. पण हेही ऐका, 2014 मध्ये याच कंपनीच्या चाकणला बनलेल्या बिनएअरबॅगच्या पोलोला शून्य स्टार मिळाला होता, दोन एअरबॅगवालीला चार. म्हणजे युरोपात जे द्यायचे ते आपल्याला बेस मॉडेलमध्ये देत नव्हते. निकाल आल्यावर त्यांनी बिनएअरबॅगची विकायची बंद केली. टेस्ट कुणी केलीच नसती तर? माझं मत तेव्हापासून पक्कं झालं की बॅजवर विश्वास ठेवायचा नाही, बाहेरच्या माणसानं तपासलेल्या आकड्यावर ठेवायचा.

ऑटोमॅटिक घेणार असाल तर मुलाला विचारा कुठली. 1.0 लिटर इंजिनला साधा टॉर्क कन्व्हर्टर (जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) येतो, 1.5 ला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे दोन क्लचवाला ऑटोमॅटिक. डीएसजी चालवायला फार गोड, पण त्या गिअरबॉक्सचा इतिहास स्वच्छ नाही, 2013 ला जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्या ऑईल बदलायला परत बोलवाव्या लागल्या होत्या. रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रांगत जायचं असेल तर मी 1.0 च घेईन. आणि बुक करायच्या आधी तासगावहून सर्व्हिस सेंटरला जाऊन या एकदा, किती वेळ लागतो, ब्रेक पॅड, क्लच आणि पुढच्या बंपरची किंमत काय ते कागदावर लिहून घ्या. पार्ट महाग असतात, ते आधीच कळलेलं बरं. एवढं करून मुलाचं मन त्यातच असेल तर खुशाल घेऊ द्या, पेठ नाक्याला हायवेवर चढल्यावर ती गाडी कशी बसून चालते हे तुम्हालाच जाणवेल.

प्रश्न : खरा उच्चार काय, फोक्सवॅगन की व्होक्सवॅगन? आणि ऑडी, स्कोडा यांच्याच का? – कॉलेज विद्यार्थिनी, मिरज

जर्मनमध्ये व्ही चा फ होतो आणि डब्ल्यू चा व, म्हणून फोल्क्सवागन. फोल्क म्हणजे लोक, वागन म्हणजे गाडी. ऑडी, स्कोडा, बेंटली, लॅम्बोर्गिनी, पोर्श सगळ्या त्याच छत्राखाली, डुकाटीच्या मोटारसायकलीसुद्धा. पोर्शची गंमत अशी की 2008 च्या आसपास छोट्या पोर्शनं मोठ्या फोक्सवॅगनलाच गिळायचा प्रयत्न केला, कर्जात रुतली आणि 2012 ला स्वतःच तिच्या पोटात गेली, पण कंपनीतल्या मतांचा मोठा हिस्सा आजही पोर्श-पिएख घराण्याकडंच आहे.

प्रश्न : 2013 ची व्हेंटो डिझेल एका ओळखीच्याकडं स्वस्तात मिळतीय. ती प्रदूषणाच्या घोटाळ्यातली आहे का, घेतली तर आरटीओचा काही त्रास? – शेतकरी, कराड

हो दादा, त्या 1.6 टीडीआयचं (फोक्सवॅगनचं डिझेल) इंजिन ईए189 कुळातलं, म्हणजे त्याच घोटाळ्यातलं. नक्की काय केलं होतं ते सांगतो कारण बऱ्याच जणांना वाटतं गाडी धूर जास्त सोडायची, तसं नव्हतं. धूर डोळ्याला दिसतो, हे नायट्रोजन ऑक्साईडचं प्रकरण होतं, जे दिसत नाही पण छातीत जातं. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये असं सॉफ्टवेअर होतं की स्टिअरिंग हलत नाही, चाकं ठरावीक वेगानं फिरतायत, म्हणजे मी टेस्टच्या रोलरवर आहे हे गाडीला कळायचं, तेवढ्यापुरती ती शहाण्यासारखी वागायची आणि रस्त्यावर आली की प्रदूषण रोखणारी यंत्रणा ढिली सोडायची.

पकडलं कसं तर अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या पोरांनी मशीन डिकीत टाकून गाड्या सरळ रस्त्यावर चालवल्या. त्या टीममध्ये अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोघं आपल्याकडचे होते, याचा मला खरंच अभिमान वाटतो. कंपनीची जेट्टा मर्यादेच्या 15 ते 35 पट निघाली, पॅसाट 5 ते 20 पट. त्यांना वाटलं आपलंच मोजमाप चुकतंय, परत परत तपासलं. कंपनी वर्षभर टोलवाटोलवी करत राहिली, शेवटी 18 सप्टेंबर 2015 ला अमेरिकन सरकारनं जाहीर केलं आणि पाच दिवसांत मुख्य अधिकारी मार्टिन विंटरकॉर्न यांनी राजीनामा दिला. जगभरात 1 कोटी 10 लाख गाड्या, खर्च 30 अब्ज युरोच्या वर.

भारतात ऑडी-स्कोडा धरून 3 लाख 23 हजार 700 गाड्या परत बोलवल्या. कंपनीचं म्हणणं की इथला नियम आम्ही मोडलेला नाही, हे स्वेच्छेनं करतोय. हरित लवादाला ते पटलं नाही, 2019 ला 500 कोटींचा दंड ठोठावला, मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. आणि आपल्या पंपावरच्या पीयूसीत डिझेल गाडीचा फक्त धूर मोजतात, हा वायू मोजतच नाहीत, म्हणजे आपल्या पद्धतीनं हे कधी सापडलंच नसतं. हे मला कंपनीच्या खोटेपणाइतकंच खुपतं.

तुमच्यापुरतं बोलायचं तर घोटाळ्यामुळं पासिंगला अडचण नाही. चॅसी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा, रिकॉलचं काम झालंय का ते रेकॉर्डवर दिसतं, नसेल तर करून मागा. टायमिंग बेल्ट कधी बदललाय त्याचं बिल बघितल्याशिवाय टोकन देऊ नका, तो तुटला की इंजिनच जातं. 2028 ला 15 वर्षं होतील, रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागेल, किंमत ठरवताना ते धरा. उसाच्या हंगामात कारखान्यापर्यंत रोज चार-पाच किलोमीटर असंच तिचं काम असेल तर ही घेऊच नका, डिझेल इंजिनला लांब पळणं मानवतं.

प्रश्न : काका, मी आयटीआय केलंय, चाकणला त्यांच्याच प्लांटमध्ये अप्रेंटिस म्हणून निवड झालीय. मित्र चिडवतात की हिटलरच्या कंपनीत चाललास. वाचलं तर तिथं कैद्यांकडनं काम करून घेतलं होतं म्हणे. जाऊ का नको? – कवठेमहांकाळ

जा बाळा. पण वाचलंस ते खरं आहे, आणि ते माहीत असूनच जा.

युद्धाच्या वर्षांत त्या कारखान्यात सुमारे 20 हजार माणसांना जबरदस्तीनं राबवलं, युद्धकैदी, छळछावणीतले ज्यू, आणि पोलंड-रशियातनं धरून आणलेली पोरंपोरी, त्यातली बरीच तुझ्याच वयाची. तिथल्या बायकांना मुलं झाली की ती काढून घेऊन वेगळ्या ठिकाणी ठेवायचे, रुह्न गावातल्या त्या पाळणाघरात साडेतीनशेहून जास्त बाळं मेली. त्याला जबाबदार असलेल्या डॉक्टरवर युद्धानंतर खटला चालला आणि त्याला फाशी झाली. हे लिहिताना मला थांबावं लागलं.

कंपनी बरीच वर्षं गप्प होती. नंतर त्यांनीच हान्स मॉमझेन या इतिहासकाराला कागदपत्रं उघडी करून दिली, 1996 ला त्याचा जाडजूड ग्रंथ आला. 1998 ला त्या कामगारांसाठी 2 कोटी मार्कचा निधी काढला, पन्नास वर्षं उशिरा, तोवर किती जण गेले असतील. 1999 ला कारखान्यातल्याच एका बॉम्बपासून लपायच्या तळघरात स्मृतिस्थळ केलं. आणि तुझ्याशी थेट संबंध असलेली गोष्ट अशी की तिथले अप्रेंटिस, म्हणजे तुझ्यासारखीच पोरं, गेली तीसेक वर्षं पोलंडमधल्या आउशवित्झच्या जुन्या नाझी छळछावणीत जातात, पोलिश मुलांबरोबर राहतात आणि तिथली कुंपणं, कैद्यांचे बूट, जुन्या वस्तू जतन करायच्या कामाला हात लावतात.

आणि एक. ज्या वर्षांत पोलिश माणसं वोल्फ्सबुर्गला राबत होती त्याच वर्षांत दुसऱ्या बाजूनं, रशियानं देशोधडीला लावलेले पोलिश लोक आपल्या शेजारी वळिवड्याला आसऱ्याला होते, 1943 ते 1948, पाच हजाराच्या आसपास, बहुतेक बायका आणि मुलं. चाकणला रुजू व्हायला वेळ असेल तर मिरजेहून कोल्हापूरची पॅसेंजर पकड, वळिवडे स्टेशन वाटेतच लागतं, आणि पुढं कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये त्यांचा स्मारकस्तंभ आहे. चिडवणाऱ्या मित्रांनाही बरोबर घेऊन जा.