खोलीतला जुना दरवाजा कायमचा बुजवायचा आहे. विटा लावू की जिप्सम बोर्ड?

३ बाय ७ फुटांचा दरवाजा, कोल्हापुरातलं जुनं घर, आणि गवंडी म्हणतोय की एका दिवसात बुजवून देतो, असं तुम्ही लिहिलंय. विटाच लावा, पण एका दिवसात नको. दुधाळी किंवा शाहूपुरी कुंभार गल्लीसारख्या भागात तळमजला असेल, तर बोर्डाचा विचारच सोडा. २०१९ किंवा २०२१ सारखा पूर आला तर भिजलेला बोर्ड फेकूनच द्यावा लागतो.

साडेचार इंची भिंत असेल तर १०० ते ११० विटा लागतात, नऊ इंची असेल तर दुप्पट. साडेचार इंचीला दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासकट सव्वा ते दीड पोतं सिमेंट पुरतं. वरच्या मजल्यावर, खाली बीम नसताना नऊ इंची भरू नका. तेवढ्या जागेत जवळजवळ साडेआठशे किलो वजन स्लॅबवर येतं. तिथे ४ इंची हलके ब्लॉक लावा आणि त्यांना साधा सिमेंट-वाळूचा माल न वापरता ब्लॉक जोडायचा चिकट माल वापरा.

चौकट पहारीनं उपटू नका. होल्डफास्ट, म्हणजे चौकट धरून ठेवणारे लोखंडी पट्टीचे तुकडे, भिंतीत रुतलेले असतात, ते विटा घेऊनच बाहेर येतात. चौकट करवतीनं मध्ये कापा आणि एकेक तुकडा सोडवा. वरचा लिंटेल, म्हणजे दरवाजावरची आडवी तुळई, आहे तसाच राहू द्या. दोन्ही कडांचा गिलावा ६ इंच मागं, विटा दिसेपर्यंत काढा. खालची फरशीही काढा, गुळगुळीत फरशीवर माल धरत नाही. शेजारी स्विचबोर्ड असेल तर आधी मेन बंद करा.

आता खरं काम. दर चौथ्या थराला जुन्या भिंतीत अर्ध्या विटेची खाच पाडून नवी वीट आत घुसवायची. खाच जमत नसेल तर ८ मिलीमीटरची सळी ४ इंच आत आणि ९ इंच बाहेर, सळी चिकटवायच्या केमिकलनं बसवा. हे बांधणं टाळलं तर दोन्ही उभ्या सांध्यांवर सरळ रेषेत भेग पडते आणि जुना दरवाजा रंगातून पुन्हा दिसू लागतो.

विटा भिजवून घ्या, नाहीतर कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते. माल १:४, म्हणजे एक भाग सिमेंट, चार भाग वाळू. दिवसाला तीन-साडेतीन फुटांवर चढू नका, दर थराला ओळंबा लावा. लिंटेलखाली इंच-दीड इंच फट सोडून आठवडाभर थांबा. माल सुकताना भिंत थोडी खाली बसते. म्हणून ही फट पहिल्याच दिवशी भरली तर वर आडवी भेग ठरलेलीच. नंतर विटांचे रोडे आणि घट्ट माल ठोकून भरा. तोवर रोज पाणी मारा.

गिलाव्याआधी सांध्यावर फूटभर रुंद कोंबडी जाळी, दोन्ही बाजूंना ६-६ इंच येईल अशी, खिळ्यांनी ताणून बसवा. सैल जाळीमागं पोकळी राहते, बोटानं वाजवलं की कळतं. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) चाळून घ्या, भुकटी जास्त असली की बारीक भेगांचं जाळं पडतं. गिलाव्यालाही ७ दिवस पाणी. मग पुट्टीआधी पूर्ण वाळू द्या, आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टात महिनाही पुरत नाही.

भिंत मातीच्या जोडणीची असेल तर छिन्नी-हातोडा चालवूच नका, शेजारच्या विटा सैल होतात. कडेच्या विटा एक सोडून एक हातानं मोकळ्या करा आणि सिमेंटच्या मालात पुन्हा बसवत वर चढा.