सोलोआधी फ्युएल सिलेक्टरला हात पोचतो का बघ
अरे, सोलोला, म्हणजे पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवायला, जायच्या आधी एक ऐक, गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या किनाऱ्याजवळ विमान पडून गेला ना, त्याच्या लाँग-ईझी या छोट्या विमानात फ्युएल सिलेक्टर, म्हणजे कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारा खटका, डाव्या खांद्याच्या मागे होता, म्हणजे टाकी बदलायची तर पट्ट्यात अडकून मागे वळायचं आणि वळताना उजवा पाय आपोआप रडरच्या, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायच्या, पेडलवर दाबला जायचा. निघताना इंधन भरू का विचारलं तर तासभरच उडणार म्हणून नको म्हणाला. अजून हळहळ वाटते. तू आधी जमिनीवरच, इंजिन बंद असताना, पट्टा बांधून, डोळे मिटून सिलेक्टर फिरवून बघ. नुसत्या इंधनाच्या गेजवर जाऊ नकोस, टाकीत डिपस्टिक (मोजपट्टी) घालून स्वतः मोज. आणि अगदी उतरायच्या तोंडावर टाकी बदलत बसू नकोस, उंची हातात असतानाच बदल.