भरपाईच्या आकड्याविषयी एका तरुण अभ्यासकास पत्र

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझा मसुदा मी दोनदा वाचला. मेहनत दिसते, भाषा स्वच्छ आहे. तरीही एक गोष्ट आताच सांगितली पाहिजे, कारण पुढची सगळी प्रकरणे तिच्यावर उभी राहणार आहेत. लहान देशाला परकीय कंपनीची मालमत्ता ताब्यात घेण्याचा हक्क आहे की नाही, याच प्रश्नाभोवती तू फिरत राहिला आहेस. मेक्सिकोच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर खुद्द अमेरिकी सरकारने 1938 मध्येच देऊन टाकले होते. हक्क आहे, पण मोबदला द्यावा लागेल, असे ते उत्तर होते. खरे भांडण किती द्यायचे, केव्हा द्यायचे आणि नेमक्या कशाचे द्यायचे, यावर झाले. तुझ्या मसुद्यात ते जवळजवळ आलेच नाही.

मेक्सिकोची कथा 18 मार्च 1938 च्या रात्री, परकीय तेलकंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाने, सुरू होत नाही. 1917 च्या राज्यघटनेच्या 27 व्या कलमाने भूगर्भातील तेल राष्ट्राच्या मालकीचे ठरवले होते, आणि कंपन्यांच्या जुन्या हक्कांचे काय, हा वाद पुढची दोन दशके धुमसत राहिला. 1923 च्या अमेरिका-मेक्सिको बुकारेली वाटाघाटींत त्यावर तात्पुरता तोडगा निघाला: ज्यांनी 1 मे 1917 पूर्वी जमिनीवर तेलासाठी प्रत्यक्ष काही काम केले होते, त्यांचे हक्क अबाधित राहतील. ठिणगी पडली ती मात्र मजुरीच्या प्रश्नावर. कामगार मंडळाने डिसेंबर 1937 मध्ये वर्षाला सुमारे 2 कोटी 60 लाख पेसोंची वाढ मंजूर केली, सर्वोच्च न्यायालयाने 1 मार्च 1938 रोजी ती कायम ठेवली आणि कंपन्यांनी निकाल मानण्यास नकार दिला. म्हणजे राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी राष्ट्रीयीकरण घोषित केले तेव्हा त्यांच्या बाजूला, देशातील न्यायालयाचा निकाल धुडकावणाऱ्या कंपन्यांविरुद्धचा मुद्दा होता. हा क्रम तू उलटा मांडला आहेस. क्रम उलटला की कार्देनास केवळ भावनेच्या भरात वागलेले दिसतात, आणि ते तसे वागले नव्हते.

आता राजदूताकडे वळतो, कारण या सगळ्या प्रकरणात माझा सर्वाधिक जीव त्या पात्रावर आहे. 1914 मध्ये अमेरिकी नौदलाने मेक्सिकोचे वेराक्रूझ बंदर व्यापले तेव्हा जोसेफस डॅनियल्स हे नौदलमंत्री होते, आणि तेच गृहस्थ 1933 मध्ये राजदूत म्हणून मेक्सिकोत आले. अशा माणसाबद्दल मेक्सिकन लोकांच्या मनात काय असेल, याची कल्पना कर. परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांनी 26 मार्च 1938 रोजी कडक शब्दांतला खलिता धाडला, तेव्हा डॅनियल्स यांनी तो मेक्सिकोचे परराष्ट्रमंत्री एदुआर्दो आय यांच्यापर्यंत पोहोचवला खरा, पण तो अधिकृतरीत्या मिळालाच नाही असे धरून चालण्याची मोकळीकही दिली. आपल्याच सरकारची धार बोथट करणे हा राजदूताने केलेला आज्ञाभंग म्हणायचा की देशसेवा, यावर मतभेद आहेत. माझे मत देशसेवेच्या बाजूने आहे. त्या खलित्याला जाहीर उत्तर द्यावे लागले असते, तर दोन्ही सरकारांना आपापल्या शब्दांवरून मागे येणे फार अवघड झाले असते. ब्रिटनच्या बाबतीत नेमके तेच झाले. त्याचे कडक खलिते मेक्सिकोला झोंबले आणि मे 1938 मध्ये राजनैतिक संबंध तुटले.

याचा अर्थ अमेरिका हात बांधून बसली होती असा नव्हे. मेक्सिकोची चांदी विकत घेण्याची विशेष व्यवस्था तिने थांबवली. कंपन्यांनी आपल्या परीने मेक्सिकोच्या तेलाची गिऱ्हाइके आणि यंत्रसामग्री तोडण्याचा प्रयत्न केला, आणि मेक्सिकोला आपले तेल जर्मनी, इटली व जपानकडे वळवावे लागले. त्याच वर्षी हल यांनी भरपाई तत्पर, पुरेशी आणि परिणामकारक असली पाहिजे, हे सूत्र मांडले. ते मांडले गेले अमेरिकी नागरिकांच्या शेतजमिनींच्या वादात, तेलाच्या नव्हे. तुझ्या मसुद्यात ही गल्लत झाली आहे, ती दुरुस्त कर. आय यांचे म्हणणे असे होते की, जमिनीच्या फेरवाटपासाठी सर्वांना सारख्याच लागू होणाऱ्या अधिग्रहणात ताबडतोब भरपाई देण्याचे बंधन आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. तत्त्वावर दोघेही हलले नाहीत. नोव्हेंबर 1938 मध्ये मात्र त्याच जमिनींसाठी दरवर्षी 10 लाख डॉलरचे हप्ते ठरले, आणि तत्त्व ज्याचे त्याच्यापाशी राहिले. मुत्सद्देगिरी नावाची गोष्ट तुला शिकायची असेल, तर या वाक्यापाशी थोडा थांब.

तेलाचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा होता, कारण कंपन्या जमिनीखालचे तेलही आपल्या मालमत्तेत धरत होत्या, आणि मेक्सिकोच्या मते ते राष्ट्राचेच होते. सिंक्लेअर कंपनीने 1940 मध्ये एकटीनेच तडजोड करून 85 लाख डॉलर घेतले आणि इतर अमेरिकी कंपन्यांच्या एकजुटीला तडा गेला. नोव्हेंबर 1941 मध्ये दोन्ही सरकारांनी कंपन्यांना बाजूला ठेवून, प्रत्येकी एक तज्ज्ञ नेमायचे ठरवले. मॉरिस कुक आणि मानुएल सेवादा या दोघांनी एप्रिल 1942 मध्ये 2,39,95,991 डॉलर हा आकडा दिला. व्याज धरून तो सुमारे 2 कोटी 90 लाखांवर गेला. युद्ध दारात आले होते, मेक्सिकोची मैत्री अमेरिकेला हवी होती, आणि स्टँडर्ड ऑइल या अमेरिकी तेलकंपनीच्या ताळेबंदापेक्षा ती मैत्री मोठी ठरली. कंपनीचा दावा आणि तिच्या देशाचे हित या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे या एका घटनेत जितके स्पष्ट दिसते तितके मला अन्यत्र क्वचितच दिसले आहे.

तुझ्या मनात येणारा आक्षेप मीच मांडतो. कडक वागलेल्या ब्रिटनला 1947 मध्ये आठ कोटी डॉलरहून अधिक मूळ रक्कम मिळाली, मग कडकपणा फळला असे का म्हणू नये? कारण एल आगिला या ब्रिटिश भांडवलाच्या तेलकंपनीची मालमत्ता मुळातच मोठी होती, पोझा रिकाचे समृद्ध तेलक्षेत्र तिच्याकडे होते, आणि ही तडजोड संबंध पुन्हा जुळल्यावर झाली.

आता क्यूबाचे प्रकरण यासमोर ठेव. मोठा शेजारी तोच, मधे अवघी बावीस वर्षे. मे 1959 च्या जमीन सुधारणा कायद्याने भरपाई रोख्यांत देऊ केली, आणि जमिनीची किंमत धरली ती मालकांनीच करासाठी जाहीर केलेली. वर्षानुवर्षे कमी किंमत दाखवून वाचवलेला कर अशा रीतीने मालकांच्या अंगावर आला. जून 1960 मध्ये परकीय तेलशुद्धीकरण कारखान्यांनी सोव्हिएत कच्चे तेल घेण्यास नकार दिला आणि क्यूबाने ते ताब्यात घेतले. 6 जुलै रोजी अमेरिकी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी क्यूबाच्या साखरेचा अमेरिकेतील आयात कोटा 7 लाख टनांनी कापला. त्याच दिवशी हवानात, अमेरिकी मालमत्ता ताब्यात घेण्याची मुभा देणारा कायदा क्रमांक 851 झाला. या कायद्यात तीस वर्षांचे, दोन टक्के व्याजाचे रोखे होते, पण त्यांचा निधी अमेरिकेने ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साखर चांगल्या भावाने घेतली तरच उभा राहणार होता. ज्या दिवशी कोटा कापला गेला, त्याच दिवशी भरपाई त्या कोट्यावर टांगली गेली. कागदावर तरतूद राहिली, पण पैसा कुठून येणार हे कुणालाच सांगता आले नसते. जानेवारी 1961 मध्ये संबंध तुटले. अमेरिकेच्या दावा आयोगाने पुढे 5,911 दावे, मिळून सुमारे 1 अब्ज 80 कोटी डॉलरचे, प्रमाणित केले, आणि ते आजही थकलेले आहेत. अमेरिकेच्या 1996 च्या हेल्म्स-बर्टन कायद्याने तर त्यांना अमेरिकी न्यायालयांत वाट करून दिली. ती वाट प्रत्यक्षात मे 2019 मध्ये खुली झाली. आणि तरीही याच क्यूबाने फ्रान्स, स्वित्झर्लंड, ब्रिटन, कॅनडा आणि स्पेन यांच्याशी भरपाईचे एकरकमी करार केले, स्पेनशी 1986 मध्ये. तेव्हा क्यूबा भरपाई देतच नव्हता, हे तुझे वाक्य काढून टाक.

बलाढ्य शेजारी नेहमी अमेरिकाच असतो असेही नाही. 1 मे 2006 रोजी बोलिव्हियाने वायूक्षेत्रांवर सैनिक पाठवले तेव्हा सर्वांत मोठा फटका ब्राझीलच्या पेट्रोब्रासला बसला. ब्राझीलचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लुला यांच्यावर मायदेशात मवाळपणाची टीका झाली, पण त्यांनी बोलिव्हियाचा हक्क मान्य करून किमतीवर वाटाघाटी केल्या, ऑक्टोबरमध्ये नवे करार झाले आणि 2007 मध्ये दोन शुद्धीकरण कारखाने 11 कोटी 20 लाख डॉलरना बोलिव्हियाकडे गेले. ब्राझीलच्या कारखान्यांना तो वायू हवा होता, ही गरज लुला यांच्या संयमामागे होतीच. ती लपवू नकोस.

पुढचा मसुदा लिहिण्यापूर्वी मेक्सिको आणि क्यूबा या दोघांसाठी तारखांची एक समांतर यादी कर आणि प्रत्येक तारखेपुढे लिही: त्या दिवशी पैसे देण्याची कोणती वाट उघडी होती, आणि ती कोणी बंद केली. अमेरिकी परराष्ट्र खात्याने 1938 सालचा पत्रव्यवहार छापून प्रसिद्ध केलेला आहे. त्यातले डॅनियल्स यांचे अहवाल आधी वाच, हल यांचे खलिते नंतर.

तुझा हितचिंतक