विंडोज ११ वर जुन्यासारखी साइडबार गॅजेट्स कशी लावावीत? त्यात भरती-ओहोटी दाखवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या विंडोज ७ वर स्क्रीनच्या उजव्या कडेला घड्याळ, कॅलेंडर, हवामान अशी गॅजेट्स होती. आता आंजर्ल्याच्या होमस्टेच्या काउंटरवर विंडोज ११ चा नवा संगणक आलाय आणि त्यात ती सापडत नाहीत. ती परत कशी आणायची, आपल्या सोयीप्रमाणे कशी बदलायची, आणि पाहुणे सारखे विचारतात म्हणून भरती-ओहोटीची वेळही तिथेच दिसेल का?

मालवणात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. होमस्टेवाल्यांचे संगणक नेहमी हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भरतीचं शेवटी येईल. घाई असेल तर थेट तिथे गेलात तरी चालेल, पण मग मधलं वाचायला परत यावं लागेल.

आधी एक गोष्ट. सेटिंगमध्ये शोधत बसू नका, ती गॅजेट्स विंडोज ११ मध्ये नाहीतच. साइडबार आला २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर. २००९ च्या विंडोज ७ मध्ये साइडबारची पट्टी गेली आणि गॅजेट्स डेस्कटॉपवर कुठेही ठेवता यायला लागली. आतून पाहिलं तर एक गॅजेट म्हणजे छोटं वेबपेजच. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टच्या चार फायली झिप करून तिचं एक्स्टेन्शन बदललेलं, एवढंच. फरक इतकाच की ब्राउझर वेबपेजला जसं कुंपणात ठेवतो, तसं कुंपण गॅजेटला नव्हतं. तुमच्या खात्याला जे करता येतं ते सगळं त्यालाही करता यायचं. जुलै २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच हा धोका जाहीर केला आणि गॅजेट्स बंद करण्याची सोय दिली. त्याच वर्षी विंडोज ८ आली, तिच्यात ती नव्हती. म्हणजे तुमच्या दुकानदाराने काही काढून घेतलेलं नाही.

विंडोज ११ मध्ये ‘विजेट्स’ नावाचा प्रकार आहे. विंडोजचं बटण आणि डब्ल्यू दाबलं की डावीकडून फलक सरकतो, त्यात हवामान, बातम्या वगैरे. पण तो उघडावा लागतो, आणि दुसरीकडे क्लिक केलं की जातो. काउंटरवर येता-जाता नजर टाकायची तर त्याचा उपयोग नाही. (विंडोज ७ मध्ये विंडोज आणि जी दाबलं की गॅजेट्स वर यायची. ती सवय बोटांत राहिली असेल तर आता तिथे गेम खेळणाऱ्यांची पट्टी उघडेल. घाबरू नका, एस्केप दाबा.)

मग राहतात दोन रस्ते. एक, एटगॅजेटपॅक (इंग्रजीत 8GadgetPack) नावाचा मोफत प्रोग्रॅम. तो अगदी जुनाच साइडबार, जुन्याच गॅजेट्ससकट, नव्या विंडोजवर आणून बसवतो. तेच घड्याळ, तेच सीपीयूचे गोल काटे. वडीलधाऱ्यांना ‘होतं तस्संच’ हवं असेल तर हा सोपा आहे. इन्स्टॉल केलं, प्लसच्या खुणेवर क्लिक केलं, हवं ते ओढून आणलं की झालं. गॅजेटवर माउस नेला की बाजूला पान्याची छोटी खूण येते, सेटिंग तिथेच. मात्र हे मायक्रोसॉफ्टचं नाही, आणि जुन्या रचनेतला तो कुंपणाचा प्रश्न तसाच राहतो. पॅकबरोबर आलेली गॅजेट्स वापरायची असतील तर ठीक. बाहेरून कुठूनतरी डाउनलोड केलेली टाकू नका. आणि ज्या संगणकावर पाहुण्यांच्या आधार कार्डांच्या प्रती आणि बँकेचे व्यवहार असतात, त्यावर मी हे लावत नाही.

दुसरा रस्ता रेनमीटर, आणि माझं मत त्याच्याच बाजूने आहे. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, अजून सांभाळला जातोय, आणि भरती-ओहोटीसारखी आपली स्वतःची गोष्ट त्यात बसवता येते. डाउनलोड त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करा. इन्स्टॉल करताना स्टँडर्ड निवडा आणि ‘संगणक सुरू होताच चालू’ हा पर्याय राहू द्या, नाहीतर वीज गेली-आली की प्रत्येक वेळी हाताने सुरू करावं लागेल. पावसाळ्यात आपल्याकडे ते किती वेळा होतं हे मी सांगायला नको.

रेनमीटरमध्ये गॅजेटला ‘स्किन’ म्हणतात. पहिल्यांदा सुरू केलं की ‘इलस्ट्रो’ नावाचा संच आपोआप दिसतो. त्यात घड्याळ, डिस्क, नेटवर्क वगैरे आहे. खाली घड्याळाशेजारी पाण्याच्या थेंबाचं चिन्ह येईल, त्यावर क्लिक केलं की ‘मॅनेज’ खिडकी उघडते. डावीकडे स्किनची यादी, वर लोड आणि अनलोड. नको त्या अनलोड करा. मी तर सांगेन की सुरुवातीला घड्याळ-तारीख, नेटवर्क आणि हवामान एवढंच ठेवा. ज्याच्या डेस्कटॉपवर पंधरा गोष्टी हलत असतात, तो त्यातली एकही बघत नाही.

नेटवर्कची स्किन उगाच सुचवत नाहीये. ‘नेट चालत नाही’ म्हणून पाहुणा काउंटरवर येतो, तेव्हा निदान तुमच्या संगणकापर्यंत नेट येतंय की नाही हे एका नजरेत कळतं. बॅटरीचीही स्किन मिळते. लॅपटॉप असेल तर आहेच, पण यूएसबी केबलने जोडलेले काही यूपीएससुद्धा विंडोजला बॅटरीसारखे दिसतात. बिल अर्धवट टाइप झालेलं असताना किती वेळ हातात आहे ते कळलेलं बरं.

आता काउंटरसाठी महत्त्वाची सेटिंग. मॅनेजमध्ये स्किन निवडली की उजवीकडे पर्याय दिसतात. आधी ‘स्नॅप टू एजेस’ चालू ठेवून स्किन माउसने ओढा आणि उजव्या कडेला एकाखाली एक लावा, त्या आपोआप कडेला चिकटतात. मनासारखं झालं की ‘ड्रॅगेबल’वरची खूण काढा. हे विसरू नका. पाहुण्यांची मुलं काउंटरवर चढून माउस हलवतात आणि घड्याळ स्क्रीनच्या मधोमध येऊन बसतं. ‘पोझिशन’मध्ये ‘स्टे टॉपमोस्ट’ निवडलं तर स्किन इतर खिडक्यांवर राहते. ते फक्त घड्याळाला द्या, सगळ्यांना दिलं तर एक्सेलचे उजवीकडचे रकाने झाकले जातील. ‘क्लिक थ्रू’ केलं तर क्लिक स्किनमधून आरपार मागच्या खिडकीला लागतो. झाकलेल्या जागेवरचा अर्धा त्रास त्याने जातो. पारदर्शकता तिथेच टक्क्यांत आहे. खिडकीतून उजेड स्क्रीनवर येत असेल तर ती कमीच ठेवा.

रंग, अक्षरं बदलायची तर ‘एडिट’ दाबा. नोटपॅडमध्ये साधी मजकुराची फाइल उघडेल. वरच्या बाजूला ‘व्हेरिएबल्स’चा भाग असतो, त्यात फॉन्टचं नाव, अक्षराचा आकार आणि रंग. रंग चार आकड्यांत लिहिलेला असतो: लाल, हिरवा, निळा आणि चौथा अपारदर्शकतेचा, प्रत्येक ० ते २५५. आकार ८ चा १४ करा, फाइल सेव्ह करा, मॅनेजमध्ये ‘रिफ्रेश’ दाबा, लगेच दिसेल. कधीकधी आकार वाढवला की अक्षरं एकमेकांवर चढतात. मग खाली त्या-त्या भागात रुंदी-उंचीचे आकडेही वाढवावे लागतात. वेळेच्या ओळीत टक्क्याच्या खुणेनंतर मोठा एच असेल तर घड्याळ २४ तासांचं, मोठा आय असेल तर १२ तासांचं.

वार आणि महिना मराठीत हवा असेल तर वेळेच्या भागात ‘फॉरमॅटलोकेल’ अशी ओळ घालून तिला मराठी-भारताचा कोड द्यायचा: एमआर, मधे आडवी रेघ, आयएन. (हे सगळे शब्द फाइलमध्ये अर्थातच इंग्रजीतच टाइप करायचे.) फॉन्ट निर्मला यूआय ठेवा, तो विंडोजबरोबरच येतो. फाइलमध्ये स्वतः देवनागरी मजकूर लिहिलात तर सेव्ह अ‍ॅज करताना एन्कोडिंग यूटीएफ-१६ एलई निवडा. नाहीतर ‘भरती’च्या जागी भलतीच चिन्हं येतील. स्किन मराठीत चालत नाही म्हणून लोक फोन करतात, त्यात बहुतेक वेळा दुखणं हेच असतं.

हवामानाबद्दल थोडं निराश करणारं बोलतो. हवामानाच्या जुन्या स्किन नेटवर ढिगाने सापडतील, पण त्यांतल्या बऱ्याच मेलेल्या आहेत, कारण त्या जिथून माहिती घ्यायच्या ते झरेच आटले. याहूने आपली जुनी मोफत सेवा जानेवारी २०१९ मध्ये बंद केली, तेव्हा एकदम कितीतरी रिकाम्या पडल्या. म्हणून स्किन घेताना ती अलीकडे कधी सुधारली आहे ते बघा. ठिकाण म्हणून आंजर्ले सापडलं नाही तर दापोली टाकू नका, हर्णै टाका. दापोली वर डोंगरावर आहे, तिथलं तापमान किनाऱ्याला लागू पडत नाही. आणि वादळाचा, उंच लाटांचा इशारा गॅजेटवरून ठरवू नका. त्यासाठी हवामान खात्याची सूचनाच बघायची. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोलीकरांना हे वेगळं सांगायची गरज नाही.

कुठलीही स्किन बाहेरून घेताना एक पथ्य पाळा. रेनमीटरच्या पॅकेजमध्ये स्किनबरोबर प्लगिनही येऊ शकतं, म्हणजे खरा चालणारा प्रोग्रॅम. इन्स्टॉल करताना यादी दिसते, ती वाचा. घड्याळाला प्लगिन कशाला लागतं, असा प्रश्न पडला तर रद्द करा.

आता भरती.

आपल्याकडे जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचार. पहाटे पावणेचार आणि दुपारी साधारण चार. त्याच्या सव्वासहा तास पुढे-मागे ओहोटी, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास पुळणीवर फिरायला मोकळी वाळू. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा, आणि तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत मोजणी एकपासून करायची. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही तशीच मागे सरकते, म्हणून हे गणित जमतं.

हेच रेनमीटरमध्ये बसवता येतं. व्हेरिएबल्समध्ये तिथीचा आकडा ठेवायचा, ‘कॅल्क’ प्रकारच्या मोजणीत त्याला ०.७५ ने गुणायचं, आणि खाली मजकुराची एक ओळ ते दाखवेल. नुसतं एवढं केलंत तर पूर्णांक होऊन ४ दिसेल, आणि दशांश दाखवायला लावलेत तर ३.७५ दिसेल आणि पाहुणा म्हणेल तीन पंचाहत्तर कधी वाजतात. म्हणून दोन मोजण्या करा. एकीत ‘फ्लोअर’ लावून फक्त तास, दुसरीत उरलेल्या अपूर्णांकाला ६० ने गुणून मिनिटं. पंचमीला ३ आणि ४५ येतील. रोज सकाळी भिंतीवरच्या पंचांगात तिथी बघून एक आकडा बदलायचा आणि रिफ्रेश करायचं. तिथी आपोआप काढायचं गणितही करता येतं, पण क्षय-वृद्धीच्या तिथींना ते अडखळतं. हाताने बदलणंच बरं.

तरी हा अंदाज आहे, अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो. खाडीच्या आत पाणी आणखी उशिरा चढतं, आणि आंजर्ल्याला जोग नदीची खाडी आहेच. म्हणून त्या ओळीत ‘भरती सुमारे’ असं लिहा, नुसतं ‘भरती’ नको. पाहुणे त्या वेळेवर विसंबून पाण्यात उतरणार असतील, तर पाऊणपटीचा आकडा त्यांना दाखवूच नका. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो. तुमच्या जवळच्या बंदराच्या आठवड्याभराच्या वेळा त्यातून घ्या आणि साध्या मजकुराच्या स्किनमध्ये सात ओळी टाइप करून ठेवा. त्यात गणित काही नाही, सोमवारी दहा मिनिटांचं काम आहे. मार्च-एप्रिलमध्ये कासवांची पिल्लं बघायला येणारी मंडळी पहाटे किनाऱ्यावर जायचं विचारतात, तेव्हा त्या सात ओळींशेजारी सूर्योदयाची वेळही टाकून ठेवा.

सगळं जमलं की मॅनेजमधल्या ‘लेआउट्स’ टॅबवर जाऊन मांडणी नाव देऊन सेव्ह करा. मी गिऱ्हाइकांना दोन करून देतो. एक हंगामाची, भरतीच्या ओळींसकट. दुसरी पावसाळ्याची, जिच्यात भरतीच्या जागी बॅटरी आणि मोठ्या अक्षरांतलं हवामान असतं. थेंबाच्या चिन्हावर उजवं क्लिक करून एकीवरून दुसरीवर जाता येतं. आणि डॉक्युमेंट्समधलं रेनमीटरचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. तुम्ही बदललेल्या स्किनच्या फायली त्यात असतात. सेव्ह केलेल्या मांडण्या मात्र AppData\Roaming मधल्या रेनमीटरच्या फोल्डरमध्ये असतात, तेही कॉपी करा. एन्कोडिंगपाशी अडलात तर खाली लिहा, फाइलमधली ती ओळ जशीच्या तशी टाका म्हणजे बघून सांगतो.