गवंडी पडून वारला, ठेकेदार गायब. भरपाई कोणी द्यायची?

कराडच्या एका वाचकांचं पत्र आहे. राहत्या घरावर मजला चढवताना ऑक्टोबर 2024 मध्ये सेंट्रिंगवरून पडून एक गवंडी वारला. काम ठेकेदाराला तोंडी दिलेलं. मृताच्या पत्नीला दोन लाख देऊन ‘यापुढे काही मागणार नाही’ असं नोटरीपुढे लिहून घेतलं. आता कामगार न्यायालयाची नोटीस आली आहे आणि दोन तारखांना हे गृहस्थ गेलेच नाहीत. त्यांना वाटतं, तो कागद दाखवला की झालं. याच वळणाची पत्रं मला वरचेवर येतात.

तो कागद विसरा. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 च्या कलम 17 नुसार रद्दबातल असतो. आणि कलम 8 सांगतं की मृत्यूची भरपाई हे दावे चालवणाऱ्या आयुक्तांकडेच, म्हणजे तुमच्या बाबतीत कामगार न्यायालयातच, जमा करायची. परस्पर हातात दिलेले पैसे भरपाई धरले जात नाहीत. फार तर तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल वजा होईल. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली असली, तरी तुमचा अपघात त्याआधीचा आहे, तेव्हा जुनाच कायदा धरून चाला.

तुमचं सगळं प्रकरण कलम 12 वर उभं आहे. ठेकेदाराच्या मजुराची भरपाई काम देणाऱ्याकडून वसूल करता येते, पण ते काम त्याच्या धंद्या-व्यवसायाचा भाग असेल तरच. मुलाच्या संसारासाठी स्वतःच्या घरावर मजला चढवणं हा धंदा नव्हे. हा बचाव भक्कम आहे. मात्र त्यासाठी मुळात ठेकेदार होता हे सिद्ध व्हायला हवं, आणि पत्रात तुम्हीच लिहिता, ‘दर शनिवारी सगळ्यांची मजुरी मीच हातावर ठेवायचो.’ न्यायालयाने यावरून तुम्हालाच थेट त्या मजुराचा मालक मानलं, तर कलम 12 चा काही उपयोग नाही. मजूर तात्पुरता होता, हे म्हणणंही चालणार नाही. ती पळवाट 2000 च्या दुरुस्तीने बंद झाली.

एवढ्या मोठ्या कामाचा दोन ओळींचा करार करायला काय हरकत होती? आता मागची तारीख टाकून तो बनवू मात्र नका. स्टॅम्पपेपरच्या विक्रीची नोंद असते, आणि खोटा पुरावा हा वेगळा गुन्हा आहे. त्यापेक्षा ठेकेदाराच्या खात्यावर पाठवलेले पैसे, व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला चौरस फुटाचा दर, त्याच्या हातची मोजमापाची वही, जे खरं असेल ते शोधा.

सगळ्यात आधी न्यायालयात हजर व्हा. एकतर्फी आदेश झाला असेल तर तो रद्द करण्याचा अर्ज द्या आणि ठेकेदाराला सामनेवाला करून घ्या. तो फरार आहे म्हणून गप्प बसू नका, त्याचा गावाकडचा पत्ता काढा. घरी बसून ‘वर अपील करू’ म्हणत असाल, तर मालकाला पूर्ण रक्कम जमा केल्याशिवाय उच्च न्यायालयात अपील दाखलच होत नाही. रक्कम किती? पस्तिशीतल्या गवंड्याचा पगार कायद्याच्या 15,000 च्या मर्यादेत धरला तरी 14,77,950 रुपये. त्यावर 12 टक्के व्याज आणि उशिराचं सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड.

आणखी एक. तो गवंडी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेला होता का, ते त्याच्या पत्नीला विचारा. असेल, तर कामावरच्या मृत्यूसाठी मंडळाकडून 5 लाखांचं साहाय्य मिळतं. त्याने तुमची जबाबदारी कमी होणार नाही, पण तिला कागदपत्रं गोळा करायला मदत करा. समोरच्या बाजूची असली तरी नवरा तिचा गेला आहे.

मजला अजून अर्धवट आहे म्हणता. पुन्हा सेंट्रिंग बांधण्याआधी मजुरांचा विमा काढा आणि नव्या ठेकेदाराकडून करारावर सही घ्या.